एअर फ्रायर आणि ‘लो फॅट’ पाकिटं: तेल खरंच कमी करायचं असेल तर हा क्रम पाळा

बहुतेक घरांत गोष्ट एकाच पद्धतीनं बिघडते. दिवाळीच्या सेलमध्ये एअर फ्रायर येतो. त्याच आठवड्यात फ्रीजर गोठवलेल्या पाकिटांनी भरतो, डब्यात ‘रोस्टेड’ चिवडा आणि ‘बेक्ड’ चकल्या येतात. पहिल्याच रविवारी बटाटेवडे करून बघितले जातात. बेसन जाळीतून खाली गळतं, वडे वरून कोरडे आणि आतून चिकट राहतात. चार-सहा महिन्यांत यंत्र माळ्यावर जातं. तेलाची पिशवी मात्र पूर्वीइतक्याच दिवसांत संपत असते.

यात यंत्राचा दोष नाही, चूक क्रमात आहे. आधी मोजायचं, मग लेबल वाचायचं, मग एकेक पाकीट आजमावायचं आणि शेवटी यंत्राकडे वळायचं. सगळं एकदम बदललं तर काय जमलं आणि काय फसलं हे कळतच नाही.

## १. सगळ्यात आधी वजनकाटा घ्या

एकच उपकरण घेणार असाल तर एअर फ्रायर बाजूला ठेवा आणि १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या. त्यावर रिकामी वाटी ठेवून शून्याचं बटण दाबता यायला हवं, बाकी काही नको.

मग घरात आज किती तेल लागतं ते बघा. १ लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं. महिन्याला चार माणसांत दोन पिशव्या संपत असतील, तर माणशी दिवसाला १५ ग्रॅमच्या आसपास झालं. तूप, लोणी आणि बाहेरचं खाणं वेगळं. पिशवी उघडली की तिच्यावर तारीख टाका आणि संपली की कॅलेंडरवर खूण करा. पुढे जे काही बदलाल त्याचा खरा निकाल या दोन तारखांमधल्या अंतरावरून कळेल.

मसाल्याच्या डब्यातला चमचाही एकदा मोजून घ्या. ५ मिलिलिटरच्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं, म्हणजे ४० कॅलरी. फोडणीची पळी तेलाच्या बरणीत बुडवून काढली की किती तेल येतं, तेही काट्यावर बघा. पुष्कळ घरांतली पळी चार-पाच चमच्यांची निघते. भाजीतलं तेल कमी करायला यंत्र लागत नाही. पळीच्या जागी चमचा आला तरी पुरतं.

तपासणी: महिन्याला किती तेल लागतं आणि घरातल्या पळीत किती मावतं, हे दोन आकडे कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. पाकिटाची मागची बाजू आधी वाचा

पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत असतं त्यावरून निर्णय घेऊ नका. ‘लो फॅट’ या शब्दांना आपल्याकडे एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, मर्यादा घालून दिली आहे. घन पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपेक्षा आणि द्रवात १०० मिलिलिटरला दीड ग्रॅमपेक्षा जास्त फॅट नको. ‘फॅट फ्री’साठी ही मर्यादा अर्धा ग्रॅम आहे. मात्र ‘बेक्ड’, ‘रोस्टेड’, ‘डाएट’, ‘नॉट फ्राइड’ हे शब्द फॅटचा कोणताही आकडा सांगत नाहीत. भाजलेल्या चिवड्यावर फोडणी असते, शेंगदाणे असतात, खोबऱ्याचे काप असतात. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं आणि सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. पोहे तळले नसले तरी ते तेल जात नाही.

‘झिरो कोलेस्टेरॉल’ लिहिलेल्या तेलाचंही तेच. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असतं, त्यामुळे शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात ते नसतंच. तेल मात्र शंभर टक्के फॅट आहे.

मागची बाजू या क्रमानं वाचा:

1. ‘१०० ग्रॅममध्ये’ हा रकाना शोधा. दोन पाकिटांची तुलना फक्त याच रकान्यावरून करा. ‘प्रति सर्व्हिंग’वरून तुलना केली तर फसाल, कारण एका कंपनीचं सर्व्हिंग २० ग्रॅमचं असतं तर दुसरीचं ४० ग्रॅमचं.
2. एकूण फॅट आणि त्याखालचं सॅच्युरेटेड फॅट वाचा. गोठवलेल्या आणि खमंग पदार्थांत पाम तेल सर्रास असतं. त्यामुळे दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याजवळ गेला तर आश्चर्य वाटू देऊ नका. ते पाकीट रोजचं नाही एवढं समजा.
3. साखर आणि सोडियम बघा. फॅट काढलं की चव आणि घट्टपणा जातो. तो भरून काढायला स्टार्च, साखर आणि मीठ येतं. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचं कुणी असेल तर हा आकडा फॅटइतकाच महत्त्वाचा.
4. घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. खाद्यतेल पहिल्या तिनांत असेल तर पुढची बाजू काहीही म्हणो, तो तेलकट पदार्थच आहे.

टक्केवारीचा रकाना अनेकांना उमगत नाही. तो २००० कॅलरीच्या आहाराला धरून असतो आणि त्यात दिवसाचं फॅट ६७ ग्रॅम मानलेलं असतं. म्हणजे ‘फॅट ११ टक्के’ लिहिलं असेल तर एका सर्व्हिंगमध्ये साधारण ७ ग्रॅम.

आता काटा काढा. समजा, चिवड्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १८ ग्रॅम फॅट आहे. तुम्ही रोज खाता ती वाटी भरून मोजली, ४० ग्रॅम निघाली. फॅट झालं ७.२ ग्रॅम, म्हणजे दीड चमच्यापेक्षा जास्त तेल. संध्याकाळी चहाबरोबर दोन वाट्या होत असतील तर तीन चमचे. लेबल आणि स्वतःची वाटी एकत्र मोजल्याशिवाय ‘कमी फॅट’ला अर्थ नाही.

सावधान: ‘३० टक्के कमी फॅट’ ही फक्त तुलना असते. मूळ वेफर्समध्ये १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम फॅट असेल, तर ३० टक्के कमी करूनही साडेचोवीस ग्रॅम उरतं. ते ‘लो फॅट’ होत नाही.

## ३. पहिला प्रयोग दुधावर करा

एका आठवड्यात एकच वस्तू बदला आणि सुरुवात दुधापासून करा, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. रोज १ लिटर फुल क्रीम घेणाऱ्या घरानं डबल टोन्ड आणलं, तर दिवसाला साधारण ४५ ग्रॅम फॅट घरात कमी येतं. म्हणजे दहा चमचे तेलाइतकं. एवढी बचत कोणताही एअर फ्रायर रोज करून देणार नाही.

अट एकच. तुम्ही आधीच दुधावरची साय काढून ठेवत असाल, तर प्यायच्या दुधातलं फॅट कमी झालेलंच आहे. पण ते सायीच्या भांड्यात जातं, तिथून लोण्यात, तिथून तुपाच्या बरणीत आणि शेवटी वरणभातावर. हिशेब करताना ती बरणीही धरा.

चहाला डबल टोन्ड दूध पातळ लागतं. पाणी थोडं कमी घालून दूध वाढवा, दोन दिवसांत सवय होते. दह्याला मात्र थोडं शिकावं लागतं:

1. अर्धा लिटर डबल टोन्ड दूध उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी ८ ते १० मिनिटं आटवा.
2. कोमट झालं की दोन चमचे स्किम्ड मिल्क पावडर थोड्या दुधात गुठळी न होता कालवून त्यात मिसळा. दही घट्ट लागतं ते यामुळे.
3. विरजण एक लहान चमचा पुरे. जास्त घातलं तर दही आंबट होतं आणि पाणी सुटतं.
4. लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

या दह्याची कढी करताना लोक हमखास चुकतात. फॅट कमी असलं की दही पटकन फाटतं. म्हणून दही, पाणी आणि बेसन थंड असतानाच घुसळून एकजीव करा आणि मग गॅसवर ठेवा. उकळी येईपर्यंत ढवळत राहा, मीठ शेवटी घाला. बेसन ऐनवेळी वरून भुरभुरवलं तर गुठळ्या होतात आणि कढी फाटायची ती फाटतेच.

सावधान: दोन वर्षांच्या आतल्या मुलांना कमी फॅटचं दूध देऊ नका. वाढीसाठी त्यांना ते फॅट लागतं. घरात लहान मूल असेल तर त्याचं दूध वेगळं ठेवा.

बाकी लो फॅट मेयोनेज, सॅलड ड्रेसिंग वगैरेंवर फार वेळ घालवू नका. छोटं पाकीट आणा, मीठ-साखरेचे आकडे वाचा, पटलं नाही तर सोडून द्या. पोळीच्या रोलमध्ये चक्का, लसूण आणि मीठ-मिरपूड लावली तर मेयोनेजची आठवणही येत नाही.

## ४. एअर फ्रायर कुठे ठेवायचा, कुठे जोडायचा

आत वर तापणारी कॉइल आणि तिच्यावर पंखा असतो. तो गरम हवा पदार्थाभोवती जोरात फिरवतो. पदार्थ कुरकुरीत होतो तो या फिरत्या कोरड्या हवेमुळे. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढच्या बहुतेक सूचना त्यातूनच येतात.

1. यंत्र १४०० ते १५०० वॅटचं किंवा त्याहून मोठं असेल तर ते १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच जोडा. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट चालतात. मल्टिप्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्ड नकोच.
2. मागे आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवा. मागून गरम वाफ येते. भिंतीला टेकवलं तर टाइल तापते, वर प्लायवूडचं कपाट असेल तर ते फुगतं.
3. पहिल्यांदा टोपली धुऊन, पुसून, रिकामं यंत्र १८० अंशांवर १०-१५ मिनिटं चालवा. नव्या यंत्राला वास येतो, खिडकी उघडी ठेवा.

विजेची काळजी अनेकांना वाटते म्हणून हिशेब सांगते. १५०० वॅटचं यंत्र २० मिनिटं अखंड चाललं तरी जास्तीत जास्त अर्धा युनिट होतं.

तपासणी: पहिल्या २० मिनिटांच्या फेरीनंतर यंत्र बंद करा, प्लग काढा आणि पिनला हात लावून बघा. पिन कढत लागली तर सॉकेट सैल आहे. आधी वायरमनला बोलवा.

## ५. पहिला पदार्थ: कोथिंबीर वडी

बटाटेवड्यांपासून सुरुवात करू नका. कोथिंबीर वडी किंवा अळूवडी घ्या. ती आधी वाफवलेली असते, आतून शिजलेली असते. यंत्राला फक्त बाहेरची बाजू खरपूस करायची असते, त्यामुळे यश जवळजवळ ठरलेलं.

घरची असेल तर वाफवलेले उंडे पूर्ण गार होऊ द्या. गरम कापले तर कडा सुटतात आणि चुरा जाळीत अडकतो. एक सेंटिमीटर जाड काप करा. त्याहून पातळ कापल्या तर वड्या कडक होतात.

विकतचं गोठवलेलं पाकीट असेल तर आधी एक गोष्ट बघा: ती नुसती वाफवलेली आहे की अर्धवट तळलेली? घटकांत तेल वरच्या क्रमांकाला असेल आणि फॅटचा आकडा मोठा असेल, तर तळणं कारखान्यातच झालेलं आहे. तिला वरून तेल लावू नका. फ्रेंच फ्राइज आणि स्माइलीसारख्या गोठवलेल्या बटाट्याच्या पदार्थांनाही हाच नियम.

आता क्रमानं:

1. यंत्र १८० अंशांवर ३-४ मिनिटं तापवा.
2. बारा वड्यांना एक चमचा तेल वाटीत घ्या. सिलिकॉनच्या ब्रशनं दोन्ही बाजूंना लावा, कडांनाही. तीळ दिसत असतील तिथे ब्रश दाबून फिरवा, तेल लागलं की तीळ चांगले भाजले जातात.
3. एकाच थरात, एकमेकींना न टेकता मांडा. सगळ्या मावत नसतील तर दोन घाणे करा.
4. ६ मिनिटांनी चिमट्यानं उलटा. खालची बाजू फिकट असेल, घाबरू नका.
5. आणखी ५ मिनिटं. चौथ्या मिनिटाला एकदा उघडून बघा. कोथिंबिरीची पानं काळपट दिसायला लागली की काढा.
6. जाळीवर काढा, डब्यात नाही. गरम वड्या झाकल्या की वाफेनं मऊ पडतात.

दुसऱ्या घाण्याला एक-दोन मिनिटं कमी लागतात, कारण यंत्र तापलेलं असतं. बहुतेकांच्या वड्या करपतात त्या दुसऱ्या घाण्यातल्या.

तेलाच्या स्प्रेबद्दल: हातानं पंप करायची, तुम्ही स्वतः तेल भरता ती बाटली चालते. दाबानं फवारणारे तयार कॅन मात्र नॉन-स्टिक टोपलीवर वापरू नका. त्यातल्या इतर घटकांचा चिकट थर बसतो, तो घासून निघत नाही आणि शेवटी कोटिंग जातं.

सावधान: दुकानातून गोठवलेलं पाकीट सगळ्यात शेवटी उचला. ते हातात दाबून बघा. आत बर्फाचा एकसंध गोळा झाला असेल तर मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलं आहे, घेऊ नका. असे पदार्थ उणे १८ अंशांवर राहायला हवेत. घरी लाइट जाऊन पूर्ण वितळले आणि कोमट झाले, तर पुन्हा फ्रीजरमध्ये ढकलू नका, फेकून द्या.

## ६. मग कच्चे पदार्थ

बटाट्याचे काप. बोटाएवढे जाड कापा, अर्धा तास पाण्यात ठेवा, मग निथळून कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. अर्धा किलोला एक चमचा तेल हातानं चोळा. आधी १६० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मग १९० वर ८ ते १० मिनिटं. मधे दोनदा टोपली हलवा. टोपली निम्म्याहून जास्त भरू नका, नाहीतर हवा फिरत नाही आणि काप वाफवले जातात. सोनेरी झाले की थांबा. स्टार्चचे पदार्थ जास्त तापमानाला तपकिरी झाले की त्यात ॲक्रिलामाइड हा नको असलेला घटक वाढतो. पाण्यात भिजवल्यानं तो कमी होतो. याच कारणानं तळायचे किंवा भाजायचे बटाटे फ्रीजमध्ये साठवू नका. थंडीनं त्यातला स्टार्च साखरेत बदलतो आणि काप लवकर काळपटतात.

सुरमई. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून मुरवा. रवा-तांदळाचं पीठ लावताना तुकडा दाबा आणि १० मिनिटं तसाच ठेवा, म्हणजे आवरण धरतं. नाहीतर पंखा सगळा रवा उडवतो. रव्याला तेल लागलं नाही तर तो पांढरा आणि कोरडाच राहतो, म्हणून दोन्ही बाजूंना ब्रश फिरवा. अर्धा इंच तुकड्याला १९० अंशांवर ६ मिनिटं, उलटून पुन्हा ४-५.

चिकनचे गोठवलेले पदार्थ. आधी शिजवलेले आहेत की कच्चे, हे पाकिटावर वाचा. बाहेरून दोन्ही सारखेच सोनेरी दिसतात. कच्च्याचं आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत जायला हवं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, मधे गुलाबी दिसता कामा नये.

पाकिटावर फक्त ओव्हनची वेळ दिली असेल तर तापमान २० अंशांनी आणि वेळ पाचव्या हिश्श्यानं कमी करून सुरुवात करा.

## ७. हे एअर फ्रायरमध्ये घालू नका

पातळ पिठात बुडवलेलं काहीही: बटाटेवडा, कांदाभजी, मिरचीभजी. गरम तेलात पीठ लागलीच धरतं, हवेत धरत नाही, गळतं.

यासाठी घरातलं आप्पेपात्र काढा. बटाटेवड्याचे गोळे लिंबाएवढे करा, प्रत्येक खळग्यात तीन-चार थेंब तेल घाला, पिठात बुडवलेला गोळा ठेवा, झाकण ठेवून मंद आचेवर ४ मिनिटं, उलटून ३ मिनिटं. कढईतल्या वड्याचं कवच याला येत नाही, पण चव वड्याचीच असते आणि डझनाला दोन चमचे तेल पुरतं. साबुदाणावडेही यात होतात. साबुदाणा मात्र कोरडा भिजलेला हवा.

हलक्या वस्तूंचं जपा. पोहे, कुरमुरे, सुटा कढीपत्ता, पदार्थाविना ठेवलेला बेकिंग पेपर, सगळं उडून वरच्या कॉइलला चिकटतं आणि जळतं. पापड भाजायचा तर वर स्टीलची जाळी ठेवा आणि मिनिटभरानं बघा. शेंगदाणे मात्र उत्तम भाजले जातात: १६० अंश, ८ ते १० मिनिटं, दर तीन मिनिटांनी हलवून.

सावधान: आतून धूर आला तर बहुधा खाली साचलेलं तेल जळतंय. यंत्र बंद करा, प्लग काढा. ज्वाळा दिसल्या तर टोपली बाहेर ओढू नका आणि पाणी ओतू नका. हवा मिळाली नाही की आग विझते.

## ८. धुणं

टोपली गरम असताना नळाखाली धरू नका, एकदम गार झालं की कोटिंग उकलतं. कोमट झाल्यावर साबणाच्या पाण्यात १५ मिनिटं भिजत ठेवा आणि मऊ स्पंजनं पुसा. तारेची घासणी, स्टीलचा चमचा, सुरी टोपलीला लावू नका. कोटिंगचे पापुद्रे निघायला लागले तर टोपली बदला, बहुतेक कंपन्यांची सुटी मिळते.

सगळे विसरतात ती वरची कॉइल. महिन्यातून एकदा प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर ते उलटं करा आणि ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्यानं कॉइल पुसा. चिकटलेलं तेल मऊ ब्रशनं निघतं. पाणी आत जाता कामा नये. नंतर निदान तासभर उघडं ठेवून वाळवा आणि ५ मिनिटं रिकामं चालवा. मासळीचा वास राहिला असेल तर त्या वेळी टोपलीत वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी ठेवा.